परत फिरायचा हक्क

सह्याद्रीत सर्वांत जास्त बोललं जाणारं खोटं म्हणजे "आलंच आता, पाच मिनिटं." कुणी थकलेला दिसला की समोरून उतरणारा अनोळखी माणूसही ते सांगून जातो. मोठ्यांमध्ये त्याला खोटं म्हणत नाहीत, धीर देणं म्हणतात. ऐकणाऱ्यालाही ठाऊक असतं की पाच म्हणजे पंचवीस. सहा वर्षांच्या मुलाला ते ठाऊक नसतं. त्याच्यासाठी पाच मिनिटं म्हणजे पाचच मिनिटं. मग अशी थाप मारून आपण त्याला वर नेलं, तर तो गड नक्की कुणी सर केला?

पनवेलकरांना हा प्रश्न टाळता येत नाही, कारण डोंगर दाराशी आहेत. मुंबई-गोवा महामार्गावर बारा किलोमीटर गेलं की कर्नाळा. १९६८ साली जाहीर झालेलं पक्षी अभयारण्य आणि त्याच्या माथ्यावर किल्ल्याचा अंगठ्यासारखा सुळका. थंडी सुरू झाली की सुट्टीच्या दिवशी तिथे लहान मुलं घेऊन आलेली कुटुंबंच जास्त दिसतात.

गेल्या डिसेंबरात आम्ही चौघं गेलो. मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी सहाची. खालच्या जंगलात ती सगळ्यांच्या पुढे होती. झाडी संपून डोंगराची धार लागली, सुळका समोर दिसू लागला आणि ती खाली बसली. "बाबा, किती राहिलं?"

"अर्धा तास. आणि मग आलो तेवढं सगळं उतरायचं."

तिने जरा विचार केला. "मग नको."

बायको आणि मुलगा पुढे गेले. आम्ही दोघं सावलीत बसून चिक्की खाल्ली. उतरणारे एक काका थांबून म्हणाले, "सवय लावा हो, नाहीतर नाजूक होतील."

त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. लस टोचताना आपण मुलाची परवानगी घेत नाही. पाढे पाठ करून घेताना, शाळेत पाठवतानाही नाही. प्रत्येक "नको"ला मान दिला तर मूल पोहायलासुद्धा शिकणार नाही. थोडं रेटावं लागतं, हे मला मान्य आहे.

पण लस टोचल्याबद्दल आई-बापाचं कुणी कौतुक करत नाही. गडाचं तसं नाही. 'चार वर्षांच्या चिमुकलीने कलावंतीण सर केली' अशा रील्स आपण सगळ्यांनीच पाहिल्यात. पाय चिमुकलीचे दुखतात, शाबासकी आई-बापाला मिळते. जिथे आपला फायदा मुलाच्या फायद्यात असा मिसळलेला असतो, तिथे 'हे तिच्या भल्यासाठीच' या आपल्या निकालावर फार विसंबून चालत नाही.

माझा मावसभाऊ कॅनडात असतो. तिथे हिवाळ्यात लोक पायांना स्नोशू, म्हणजे बर्फात पाय रुतू नयेत म्हणून रुंद, पसरट जोडे बांधून मुलाबाळांसह चालायला निघतात. अगदी लहान मूल पाठीवरच्या झोळीत. त्याने सांगितलेली एक गोष्ट डोक्यातून जात नाही. चालणारा बाप घामाघूम होतो, त्याला थंडी जाणवतच नाही. पाठीवरचं मूल मात्र हालचाल न करता बसलेलं असतं, ते गारठत जातं. म्हणून थोड्या थोड्या वेळाने थांबून मुलाचे हात-पाय चाचपायचे. आपल्या उबेवरून त्याची ऊब ठरवायची नाही.

आपल्याकडे बर्फ नाही, पण चाचपून पाहणं आपल्यालाही जमण्यासारखं आहे. मला दोन प्रश्न पुरेसे वाटतात. खरं अंतर सांगितलं तरी मूल येईल का? आणि ते "नको" म्हणालं, तर आपला बेत खरोखर बदलू शकतो का?

दुसऱ्या प्रश्नाचं वजन मला इर्शाळवाडीमुळे कळलं. १९ जुलै २०२३च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतल्या ठाकर आदिवासींच्या या वस्तीवर दरड कोसळली. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसं बेपत्ता राहिली. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. बचाव पथकं भर पावसात चालत वर गेली. आपण ट्रेकला जातो तोच हा डोंगर.

अशा वाड्यांमधली मुलं दिसली की आपण आपल्या मुलांना म्हणत आलो आहोत, "बघ, किती काटक आहेत! अनवाणी पळतात." काटक असतीलही. पण तो चढ त्यांनी निवडलेला नव्हता. बाजार खाली, दवाखाना खाली, घर वर. "मग नको" म्हणायची सोय त्यांना नव्हती. त्यांच्या नाइलाजाला आपण गुण ठरवलं आणि वर त्याचा आपल्या मुलांना धडा म्हणून दाखला दिला.

कष्टांनी माणूस घडतो असं आपण सहज बोलतो. पण हौसेचा चढ आणि नाइलाजाचा चढ यांत फरक एवढाच, की पहिल्यावरून परत फिरता येतं. तो हक्क मुलाकडून काढून घेतला, तर सुट्टीच्या दिवशी, डबा आणि कॅमेरा घेऊन, आपण त्याला दुसऱ्याच चढावर नेत असतो.

मुलगी हल्ली कुठेही निघताना अंतर विचारते आणि लगेच पुढचा प्रश्न, "येताना पण तेवढंच ना?" मग कधी येते, कधी येत नाही. कर्नाळ्याचा सुळका तिने अजून जवळून पाहिलेला नाही.