त्याच घटकेस

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये 16:22–36



निपाणीकडील आमच्या मंडळीतील एक वडील, निवृत्त फौजदार, प्रभुवासी झाले. त्यांच्या स्मरणाच्या उपासनेत मी हाच शास्त्रभाग वाचला. त्यांना नावाचा गाजावाजा आवडत नसे, म्हणून येथेही नाव देत नाही.

फिलिप्पै येथील बंदिशाळेचा नायक हुकुमाचा ताबेदार होता. छड्यांचा मार खाऊन आलेल्या पौल व सीला यांना त्याने आतल्या बंदिखान्यात घातले, त्यांचे पाय खोड्यात अडकवले आणि जाऊन झोपला. त्यांच्या पाठी सोलून निघाल्या होत्या. पण जखमा धुण्याचा हुकूम नव्हता. मध्यरात्री भूमिकंप झाला, दारे उघडली. कैदी पळाले असे समजून तो स्वतःवर तलवार चालवणार, तोच पौलाने त्याला थांबवले. वचन ऐकताच त्याच घटकेस त्याने त्यांच्या जखमा धुतल्या. मग त्याचा व त्याच्या घरच्यांचा बाप्तिस्मा झाला. दिवस उजाडल्यावर अधिकाऱ्यांचा निरोप पौलाला सांगायला पुन्हा तोच नायक आला. नोकरी तीच, किल्ल्या त्याच. हात मात्र बदलले होते.

आमच्या सीमाभागात पोलिसाची नोकरी सोपी नाही. 1 नोव्हेंबर 1956 रोजी चंदगड तालुका सोडून बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. 1973 साली त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. भाषेचा वाद मात्र मिटला नाही. 1981 साली तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी निपाणीजवळ महामार्ग रोखला. 6 एप्रिलला पोलिसांच्या गोळीबारात 12 शेतकरी मरण पावले. अशा प्रसंगी ज्याच्या अंगावर खाकी असते, त्याचेच भाऊबंद पुष्कळदा समोर बसलेले असतात. आमच्या या वडिलांची ठाण्यातील डायरी कानडीत आणि घरची प्रार्थना मराठीत होती. "साहेब, तुम्ही आमचे की सरकारचे?" हा प्रश्न त्यांनी जन्मभर ऐकला.

बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे शिपाई आले, तेव्हा त्याने त्यांना नोकरी सोडायला लावली नाही (लूक 3:14). दंडेलीने पैसा उकळणे व खोटे आळ घेणे सोडा आणि मिळेल त्या वेतनात तृप्त राहा, असे त्याने सांगितले. वडिलांनी लाच कधी घेतली नाही. चार खोल्यांचे घर बांधले, तेही कर्ज काढून. पण एकदा ते मजजवळ म्हणाले, "पाळकसाहेब, ठाण्यातला आवाज मी घरी आणला. माझ्या बुटांची चाहूल लागली की मुले गप्प होत." दुसऱ्याच्या सांगण्यावरून त्यांनी थोरल्या मुलाला चोरीबद्दल पट्ट्याने मारले होते. चोरी त्याने केलीच नव्हती. हे त्यांना दोन दिवसांतच कळले. पण बापाने मुलाची क्षमा कशी मागावी? त्यात वीस वर्षे गेली.

निवृत्त झाल्यावर एका रात्री कौटुंबिक प्रार्थनेत त्यांनी सर्वांसमक्ष मुलाची क्षमा मागितली. मुलगा काही बोलला नाही, उठून बाहेर गेला. पुढे वडील अंथरुणाला खिळले, पाठीला व्रण पडले. ते व्रण रोज कोमट पाण्याने धुणारा तोच मुलगा होता.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनो, "गप्प बस, नाहीतर पोलीस येईल," अशी भीती मुलांना घालू नका. हे वडील आपणहून वर्गात येत आणि नायकाची गोष्ट सांगत. भूमिकंपाचे वर्णन थोडक्यात आटोपून ते विचारत, "त्याने जखमा केव्हा धुतल्या?" मुले म्हणत, "त्याच रात्री!" मग ते म्हणत, "मला वीस वर्षे लागली. तुम्ही उशीर करू नका."

प्रिय हो, आपण पोलीस नसू. पण घरात, शाळेत, मंडळीत कोणा ना कोणावर आपला अधिकार चालतो. त्या अधिकाराने कोणाला दुखावले असेल, तर सूर्य मावळण्यापूर्वी त्याच्याकडे जा. ज्याच्या जखमांनी आपल्याला आरोग्य मिळाले, तो प्रभू येशू आपल्यालाही तेच धैर्य देवो आणि या दुःखी कुटुंबाचे सांत्वन करो. आमेन.