मोकळीक कोणाची?

चार वादक गुडघ्याला गुडघा लावून बसले आहेत, आणि रचनाकाराने त्यांना बजावून ठेवले आहे की, शेजारचा काय वाजवतो आहे ते आपल्याला ऐकूच येत नाही असे समजून वाजवा! विटोल्ड लुतोस्वाव्स्की या पोलिश रचनाकाराचे १९६४ सालचे ‘स्ट्रिंग क्वार्टेट’ मी प्रथम ऐकले तेव्हा ही अट मला ठाऊक नव्हती. दोन व्हायोलिने, एक व्हिओला, एक चेलो. नाद दाटत होता, विरत होता, मध्येच थबकत होता. अट कळल्यावर पुन्हा ऐकले आणि कानापेक्षा मनच अधिक अस्वस्थ झाले.

या अटीचे मूळ १९६० सालातले. लुतोस्वाव्स्कीने रेडिओवर जॉन केजची एक रचना ऐकली. केज हा अमेरिकन गृहस्थ मोठा विलक्षण. नाणी उडवून ‘यी-चिंग’ या चिनी ग्रंथाचा कौल घ्यायचा आणि त्यावरून स्वर ठरवायचे, हा उद्योग त्याने १९५१ सालीच मांडला होता. आपली आवडनिवड संगीतातून काढून टाकावी, हा त्याचा हेतू. एक प्रकारचा संन्यासच म्हणा! पुढे १९८३ साली त्याने चौघा तंतुवादकांना चार सुटे कागद दिले. चौघांची मिळून एक संहिता अशी नाहीच. कोणाचा स्वर कोणाला भेटेल, ते योगायोगाने ठरावे.

लुतोस्वाव्स्कीने केजचे बी घेतले, संन्यास घेतला नाही. त्याच्या क्वार्टेटमध्ये प्रत्येक स्वर त्याने स्वतः लिहिलेला आहे. मोकळा सोडला आहे तो काळ. एकेका विभागात ज्याने त्याने आपापल्या लयीने जावे. पण गाठी कशाही पडल्या तरी रंग बिघडू नये, अशी स्वरांची योजना आधीच केलेली. ही रचना प्रथम वाजवणाऱ्या लासाल क्वार्टेटने त्याच्याकडे संपूर्ण स्वरलिपी मागितली, तेव्हा तो अडून बसला. स्वराखाली स्वर छापला की ते दोन्ही एकाच क्षणी वाजायचे आहेत असा वाचणाऱ्याचा समज होणार! अखेर त्याच्या पत्नीने, दानुताबाईंनी, तोड काढली. प्रत्येकाचा तुकडा स्वतंत्र चौकटीत ठेवायचा आणि चौकटी एकाखाली एक मांडायच्या. (नवऱ्याच्या तत्त्वाला व्यवहारात बसवण्याचे काम तिकडेही बायकोकडेच दिसते.) १९६५ साली स्टॉकहोममध्ये ते वाजले.

आता माझी अडचण. ज्या मोकळिकीत चूक होण्याची सोयच ठेवलेली नाही, तिला मोकळीक म्हणावे काय? मी ख्यालावर वाढलेला माणूस. गवई आवर्तनात दूर कुठेतरी निघून जातो; तबलजीचा कान त्याच्यावर, त्याचा कान ठेक्यावर; आणि सम हुकली तर साऱ्या मैफलीला कळते. आमच्याकडे स्वातंत्र्याला फजितीची जोखीम असते. इथे मात्र सारी जबाबदारी रचनाकाराने आगाऊ उचललेली. एखाद्या प्रेमळ बापाने अंगणाला कुंपण घालावे आणि मुलाला म्हणावे, जा, हवा तिथे हुंदड! केजने तर कुंपणच काढले. पण तिथेही चूक होत नाही, कारण भेटेल तो स्वर आपलाच मानायचा आहे. एकाने सर्व भार स्वतःवर घेतला, दुसऱ्याने तो कोणावरच ठेवला नाही. वादकाच्या वाट्याला दोन्हीकडे निश्चिंतपणाच आला. निश्चिंत माणूस स्वतंत्र असतोच, असे मला तरी वाटत नाही.

बरेच दिवस मी याच मतावर खूश होतो. मग एकदा एक ध्वनिमुद्रण विभागांच्या सांध्यांकडे लक्ष ठेवून ऐकले. विभाग संपायचा, तो आपोआप संपत नाही. चौघांपैकी एकाने खूण द्यायची असते. शेजाऱ्याला न ऐकता वाजवायचे, पण ती खूण चुकवायची नाही! म्हणजे कान मिटायचे तेही पुरते नाहीत. ज्याच्या हाती खूण आहे, त्याने ती केव्हा द्यावी? इतरांचे रंगात आले आहे हे त्याला कळते आहे, आणि कळत नाही असे त्याने मानायचे आहे. इथे कुंपण नाही, कौलही नाही. त्या ध्वनिमुद्रणात एका ठिकाणी तिघे वाजवत आहेत आणि चौथा गप्प आहे. तो वाट पाहतो आहे की विसरला आहे, हे मला अजून ओळखता येत नाही.