बाया कर्वे : एका करारी गृहिणीचे ऋण

लोकोत्तर पुरुषांच्या चरित्रांत त्यांच्या त्यागाची नोंद ठळक अक्षरांत होते. परंतु तो त्याग ज्या घराच्या मिळकतीतून घडला, त्या घराचा जमाखर्च कोणी सांभाळला, याची पृच्छा क्वचितच होते. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई ऊर्फ बाया यांच्या जीवनाचे स्मरण करताना ही पृच्छा टाळता येत नाही. बाया पतीच्या कार्याला अनुकूल होत्या, एवढेच सांगून थांबणारे त्यांचे प्रशंसक नकळत त्यांच्यावर अन्यायच करतात. कारण प्रसंगी त्या पतीशी कडाडून भांडल्या होत्या, आणि त्यांच्या थोरवीचा मोठा अंश त्या भांडणातच आहे.

देवरुखच्या जोशांची ही मुलगी गोदू आठव्या वर्षी विवाह होऊन नातूंच्या घरी गेली आणि संसार म्हणजे काय हे कळण्यापूर्वीच विधवा झाली. त्या काळच्या रूढीप्रमाणे सोवळे आणि सासरचे कष्ट हेच तिचे आयुष्य ठरले असते. परंतु 1889 मध्ये पंडिता रमाबाईंनी मुंबईस शारदासदन उघडले, तेव्हा त्यात दाखल होणारी पहिली विधवा विद्यार्थिनी हीच होती. ज्या वयात तिच्या बरोबरीच्या स्त्रिया मुलाबाळांत रमल्या होत्या, त्या वयात तिने अक्षरे गिरवली. पुढे 1893 च्या मार्च महिन्यात, फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे अध्यापन करणारे विधुर कर्वे, म्हणजे तिच्या बंधूंचे स्नेही, यांच्याशी पुण्यास तिचा पुनर्विवाह झाला, आणि कर्व्यांच्या मुरूड गावाने या दांपत्याला वाळीत टाकले. सनातनी समाजाने दिलेली ही शिक्षा बायांनी रडत नव्हे, तर ताठ मानेने भोगली. इतकेच नव्हे, तर पतीच्या वेतनावर सर्वस्वी विसंबून न राहता नागपुरास जाऊन सुईणीच्या कामाचे शिक्षणही घेतले.

कर्व्यांनी 1896 मध्ये अनाथ बालिकाश्रम स्थापिला, आणि पुढे तो हिंगण्याच्या माळावर नेला. महाविद्यालयातील अध्यापन आटोपून पुण्याबाहेरच्या त्या माळापर्यंत पायी जाणाऱ्या या निःस्पृह पुरुषाने आपले श्रम, आपली शिल्लक आणि अखेर आपल्या आयुष्याच्या विम्याची पॉलिसीही आश्रमाच्या स्वाधीन केली. या शेवटच्या गोष्टीने बाया संतप्त झाल्या, आणि त्यांचा तो संताप संकुचित गृहिणीचा संताप म्हणून बाजूला सारणे हा आपल्या सामाजिक इतिहासाचा मोठा प्रमाद होय. पतीच्या निधनानंतर पत्नीला आणि अज्ञान मुलांना आधार मिळावा, हाच विम्याचा हेतू. आणि तो आधार नसला म्हणजे स्त्रीची काय अवस्था होते, हे पुण्यातील कोणाही सुधारकापेक्षा आठव्या वर्षी कुंकू पुसलेल्या या स्त्रीला अधिक ठाऊक होते. विधवांच्या आश्रमासाठी संस्थापकाने आपल्या भावी विधवेचे तारण खर्ची घालावे, यातील विसंगती बोलून दाखवण्याचा हक्क तिच्याखेरीज दुसऱ्या कोणाला होता?

यावर असे म्हणता येईल की, बायांचे म्हणणे मान्य झाले असते, तर हिंगण्याची संस्था उभीच राहिली नसती, आणि 1916 मध्ये तिच्यातून महिला विद्यापीठही निर्माण झाले नसते. हा आक्षेप दुर्लक्षणीय नाही. परंतु आश्रम बुडावा, अशी बायांची मागणी कधीच नव्हती. सार्वजनिक कार्याच्या नावाने घरच्या मुलांचा वाटा त्यांच्या आईस न विचारता काढून घेऊ नये, एवढेच त्यांचे म्हणणे होते. आणि स्त्रीला स्वतःच्या आयुष्याची मुखत्यारी असावी, हे तत्त्व ज्या संस्थेने शिकविले, त्या संस्थेच्या संस्थापकाच्या घरी ते प्रथम मागितले गेले, यात बायांचा नव्हे, तर त्या तत्त्वाचाच गौरव आहे. शिवाय, आश्रमाने पुनर्विवाहाचा प्रचार आपल्या कक्षेबाहेर ठेवला होता. बायांची विधवा बहीण पार्वतीबाई आठवले आश्रमाच्या कार्याची धुरा वाहती झाली. पुनर्विवाह करणाऱ्या बायांच्या वाट्याला मात्र त्या कार्याचा भार आला आणि त्याचा मान फारसा आला नाही.

तरीही त्यांनी घर मोडू दिले नाही. सावत्र पुत्र रघुनाथ पुढे संततिनियमनाचा निर्भय पुरस्कर्ता झाला. शंकर, दिनकर आणि भास्कर आपापल्या क्षेत्रांत कर्तृत्वाला चढले. इरावतीबाईंसारखी विदुषी या घरात सून म्हणून आली. वसंत कानेटकरांनी या दांपत्याच्या जीवनावरून ‘हिमालयाची सावली’ हे नाटक लिहिले, आणि त्यामुळे बाया मराठी मनात पुन्हा जाग्या झाल्या, हे त्यांचे उपकार खरे. पण बायांना केवळ कोणाची सावली मानणे योग्य नव्हे. त्यांचे आत्मवृत्त ‘माझे पुराण’ 1944 मध्ये सून कावेरी कर्वे यांनी संपादून प्रसिद्ध केले. ते वाचणाऱ्यास दुसऱ्याच्या तेजाने उजळलेली पतिव्रता भेटत नाही, तर स्वतःचा हिशेब स्वतः मांडणारी मानी स्त्री भेटते.

1950 मध्ये बाया निवर्तल्या. कर्व्यांना भारतरत्न मिळाले ते त्यानंतर आठ वर्षांनी. आपल्या कुटुंबांतही अशा करारी स्त्रिया होऊन गेल्या आहेत, आणि त्यांची आठवण सांगताना आपण त्यांचे कष्ट तेवढे सांगतो व त्यांचे मतभेद संकोचाने गाळतो. वाचकांनी तसे करू नये. आपल्या आजीने काय सोसले, एवढेच नव्हे, तर ती कोणाशी, कशासाठी आणि कोणत्या न्यायाने भांडली, हेही लिहून ठेवावे. तिच्या स्वातंत्र्याचा खरा पुरावा तोच आहे.