कासवाची शर्यत आणि आपले हसणे

डोळ्यांना जे दिसते ते बुद्धीने खोटे ठरविले, तर मानावे कोणाचे?

हा प्रश्न सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी झेनो या ग्रीक तत्त्वज्ञाने उभा केला. तो दक्षिण इटलीतील एलिया नगरीचा. त्याचे गुरू पार्मेनिडीस यांचे मत असे, की सत् एकच आहे व ते अचल आहे. गती हा केवळ भास. लोक या मताची टवाळी करीत. प्लेटो सांगतो, की शिष्याने टवाळखोरांना उत्तर दिले ते ग्रंथ लिहून. तुमचे मत धरून चालले तर त्याहूनही विचित्र गोष्टी पदरी येतात, हे त्याने दाखविले.

अकिलीस हा चपळ वीर. कासव त्याच्या १०० हात पुढे आहे आणि वीराचा वेग दसपट आहे, असे समजा. वीर १०० हात धावला, तोवर कासव १० हात सरकले. ते १० हात तोडले, तोवर आणखी १ हात. पुढे हाताचा दशांश. अंतर घटते, पण संपत नाही. मग कासव गाठावे कसे?

डायोजिनीस नावाचा विरागी गती नाकारणाऱ्यापुढे उठून चालू लागला, अशी कथा आहे. तुम्ही म्हणाल, हातच्या कांकणाला आरसा कशाला! पण माणूस चालतो, हे झेनोलाही दिसतच होते. युक्तिवाद चुकला कोठे, हे चालून कळत नाही.

ॲरिस्टॉटलने ते शोधू पाहिले. रेषेचे अनंत भाग कल्पिता येतात. पण ते प्रत्यक्ष तुटलेले नसतात, असे तो म्हणाला. एकोणिसाव्या शतकात गणितज्ञांनी अनंत पदांच्या बेरजेचा अर्थ काटेकोर केला. १००, १०, १, एक दशांश, अशी न संपणारी पदे मिळून १११ पूर्णांक एक नवमांश हातच होतात. पदे अनंत, बेरीज सांत! तेथेच कासव गाठले जाते. तरी अनंत पावले पुरी होतात म्हणजे काय, यावर विद्वानांचा वाद आजही चालूच आहे.

आपल्या घरात, सभेत कोणी न पटणारे बोलला, की आपण हसतो वा उठून जातो. हसण्याने त्याची चूक सिद्ध होत नाही आणि आपले ज्ञानही वाढत नाही. म्हणून हसण्याआधी स्वतःला एकच विचारावे: याचे कोठे चुकले, हे मला सांगता येईल काय?