खापराची साक्ष

आपल्या भाषेनें खापराला कधीं मान दिला नाहीं. दोष दुसऱ्याच्या माथीं मारावयाचा असला म्हणजे आपण त्याच्या डोक्यावर खापर फोडतों. एखादी वस्तु अगदींच कवडीमोलाची आहे असें सांगावयाचें असलें म्हणजे तिला फुटकें खापर म्हणतों. आणि मुली आंगणांत घरें आंखून खेळूं लागल्या म्हणजे पायानें ढकलावयाला ठिकरी म्हणून त्याचाच तुकडा घेतात. अशा या उपेक्षित वस्तूच्या निमित्तानें नीतिशास्त्रांतील एका प्रश्नाचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे, हें पाहून कित्येक वाचकांस हंसूं येईल. परंतु प्रश्न खरोखरीचा आहे. जी वस्तु मुकी आहे, जिचा धनी हयात नाहीं, जिच्या कर्त्याचें नांवहि उरलेलें नाहीं, आणि जिच्याविषयीं आपण खोटें बोललों तर जाब विचारावयाला कोणी येणार नाहीं, अशा वस्तूशीं आपलें कांहीं कर्तव्य आहे काय? आणि असल्यास तें कोणाप्रत?

प्रश्न अधांतरीं राहूं नये म्हणून एक उदाहरण घेऊं. अहमदनगर जिल्हा, ज्याला २०२४ सालापासून अहिल्यानगर हें नांव मिळालें आहे, तो जुन्या अवशेषांनीं भरलेला आहे. तेथील निजामशाहीच्या काळच्या एखाद्या पडक्या भिंतीपाशीं कॉलेजांतील एका विद्यार्थ्याला निळ्या झिलईच्या फरशीचा बोटभर लांबीचा तुकडा मिळाला असें समजा. तो जाणता असेल तर प्रथम त्याची मोडलेली कड पाहील. आंतील अंग तांबड्या भाजलेल्या मातीचें आहे, कीं गारगोटीच्या पुडींत थोडी माती व कांच मिसळून केलेलें पांढरें व रवाळ आहे, हें तेथेंच कळतें. मग तो झिलई पाहील. तांब्याचा अंश क्षारयुक्त झिलईंत पडला तर फिरोजी रंग येतो आणि शिशाच्या झिलईंत पडला तर हिरवा. गडद निळा रंग कोबाल्टचा. आणि कथील घातलें म्हणजे झिलई दुधासारखी अपारदर्शक होते. त्यानंतर कडा. कड नुसती मोडलेली असेल तर ती वेडीवांकडी असते. परंतु ती मागच्या अंगास तिरपी उतरती तासलेली असेल, तर हा तुकडा अपघातानें झालेला नसून, तुकडे जोडून नक्षी साधणाऱ्या कारागिरानें मुद्दाम कापलेला आहे. शेवटीं पाठ. पाठीला चुना चिकटलेला असेल तर ही फरशी एकदां भिंतींत बसविलेली होती. तो नसून अंगाला बाक असेल, तर ही फरशी नव्हेच, एखादें भांडें असावें.

एवढें झाल्यावर तो तुकड्याची लांबी, रुंदी व जाडी मिलिमीटरांत मोजील, मूळ आकाराचें चित्र काढील, रंग प्रमाणित तक्त्याशीं ताडून पाहील, आणि तुकडा कोणत्या जागीं, किती खोलीवर, कोणत्या दिवशीं मिळाला हें वहींत लिहून तोच क्रमांक तुकड्याच्या पाठीवर घालील. काम रुक्ष आहे यांत शंका नाहीं. तें करण्यांत नीतीचा संबंध कोठें येतो, हेंच आतां पाहावयाचें आहे.

येथें आमच्या वेदान्ती मित्रांचा एक आक्षेप आधींच ऐकूं येतो. छांदोग्य उपनिषदांत उद्दालकानें श्वेतकेतूला मातीचाच दृष्टांत दिला आहे; एक मातीचा गोळा जाणला म्हणजे मातीचे सर्व पदार्थ जाणल्यासारखे होतात, कारण घट, शराव इत्यादि भेद नांवापुरते, खरी ती माती. मग ज्यानें आयुष्यभर खापरांचे आकार मोजले त्यानें सत्य सोडून नांवालाच कवटाळलें असें नव्हे काय? आमच्या मतें हा आक्षेप दृष्टांताला त्याच्या क्षेत्राबाहेर ओढतो. जगाचें उपादान काय, या प्रश्नाला तो दृष्टांत आहे. मनुष्याचें मनुष्याशीं नातें काय, या प्रश्नाला नव्हे. प्रवरेच्या कांठची माती त्या नदीनें आणून टाकली. परंतु ती मळून तिला आकार देण्यांत जो श्रम पडला, कडेला जो आंगठा दाबला गेला, तो एका मनुष्याचा होता. त्या मनुष्याचें जें कांहीं उरलें आहे तें त्या आकारांतच उरलें आहे. माती ईश्वराची म्हणून आकार तुच्छ मानणें म्हणजे त्या कुंभाराचा श्रम तुच्छ मानणें होय, आणि तसें मानण्याचा अधिकार कोणत्याहि उपनिषदानें आपणांस दिलेला नाहीं.

आतां दुसरी गोष्ट. तुकड्याचें अर्धें अंग तुकड्यांत असतें आणि अर्धें तो ज्या जागीं पडला त्या जागेंत असतें. या जिल्ह्यांतच याचें फार बोलकें प्रत्यंतर आहे. श्रीरामपूर तालुक्यांत प्रवरेच्या कांठीं दायमाबाद येथें १९७४ सालीं एका झुडपाच्या मुळाशीं खणतांना गांवच्या माणसाला चार ब्राँझच्या मूर्ति सांपडल्या: दोन बैल जोडलेला व सारथि उभा असलेला रथ, रेडा, हत्ती आणि गेंडा. चोहोंचें मिळून वजन साठ किलोंहून अधिक. प्राचीन भारतांतील धातुकामाचे इतके भव्य नमुने थोडे असतील. परंतु त्या पद्धतशीर उत्खननांत, थर मोजीत असतां निघालेल्या नव्हत्या. म्हणून त्या उत्तर-हडप्पा काळाच्या, असें मत देशपांडे, राव व साळी यांच्यासारख्या जाणत्यांनीं दिलें असतांहि, त्यांच्या धातूंत एक टक्क्याहून अधिक सोमल आहे आणि त्या काळच्या इतर वस्तूंत तसें मिश्रण आढळत नाहीं, या कारणास्तव धर्मपाल अग्रवाल यांनीं त्या पुष्कळ नंतरच्या असाव्या अशी शंका काढली. आतां या मूर्तींच्या शेजारीं जोर्वे येथील एक खापर ठेवा. संगमनेर तालुक्यांतील त्या गांवीं १९५०–५१ सालीं सांकलिया व देव यांनीं उत्खनन केलें, आणि तांबड्या अंगावर काळ्या रेघांची नक्षी असलेलीं, टिचकी मारली असतां खणखणणारीं तेथील भांडीं इतकीं नीट नोंदलीं गेलीं कीं, पुढें महाराष्ट्रांत जेथें जेथें तसें खापर निघालें तेथें तेथें तें ‘जोर्वे’ या नांवानेंच ओळखलें गेलें. इसवी सनापूर्वीच्या सुमारें १४०० ते १००० या काळाची एक संस्कृतीच त्या लहानशा गांवाच्या नांवानें चालते. ब्राँझचा रथ आपली वेळ निर्विवाद सांगूं शकत नाहीं, आणि दोन पैशांचें खापर ती सांगतें. कां कीं एकाजवळ ठिकाणाचा दाखला आहे व दुसऱ्याजवळ नाहीं. त्या गांवकऱ्याला येथें बोल लावण्याचें मुळींच कारण नाहीं. तो उत्खनन करीत नव्हता. पण जो जाणूनबुजून तुकडा उचलून खिशांत घालतो त्याला ती सबब लागू पडत नाहीं.

कोणी म्हणेल, बेवारशी ठिकरी उचलली तर चोरी कोणाची झाली? कायदाहि प्रथम असाच विचार करीत होता. १८७८ च्या गुप्तधनाच्या कायद्यानें जमिनींत सांपडलेल्या वस्तूची खबर देण्याचें बंधन घातलें तें तिची किंमत दहा रुपयांहून अधिक असेल तरच. या मापानें खापर नेहमींच सुटणार. १९७२ च्या पुरावस्तूंच्या कायद्यानें रुपयांऐवजीं वर्षांचें माप घेतलें व शंभर वर्षांची मर्यादा ठरविली, ही सुधारणा खरी. परंतु कायदा कोणताहि असो, आमचा प्रश्न त्याच्या अगोदरचा आहे. उचललेल्या तुकड्यानें नुकसान होतें तें ज्यांना आपण अद्याप पाहिलेलें नाहीं त्यांचें. पश्चिम भारतांतील अनेक उत्खननांत निघालेल्या कित्येक जाड खापरांस पूर्वींच्या विद्वानांनीं रोमन मद्याचे रांजण म्हटलें होतें. पुढें रॉबर्टा टॉम्बर या विदुषीनें तीं पुन्हां तपासलीं, आणि त्यांतील बरींचशीं रोमन नसून, आंतून डांबराचा लेप दिलेलीं, मेसोपोटेमियाकडचीं आहेत असें २००७ सालीं दाखवून दिलें. हिंदी महासागरावरील व्यापाराचा एक अध्याय त्यामुळें नव्यानें लिहावा लागला. हें शक्य झालें तें पहिल्या विद्वानांचा निर्णय बरोबर होता म्हणून नव्हे, तर त्यांनीं खापरें व त्यांचे क्रमांक जपून ठेविले म्हणून. आपलें मत चुकीचें ठरविण्याचें साधन आपणच पुढच्या पिढीच्या हातीं देऊन ठेवणें, याहून मोठा प्रामाणिकपणा आम्हांस ठाऊक नाहीं. ठिकरी खिशांत घालणारा हें साधनच नाहींसें करितो.

येथवर वस्तु नेण्याचा विचार झाला. तिच्याविषयीं बोलण्याचा विचार त्याहून नाजूक आहे. नगरचा आणि झिलईच्या फरशीचा संबंध इतिहासांत एका विलक्षण रीतीनें जुळलेला आहे. बिदर येथें महमूद गवान या बहामनी वजीरानें १४७२ सालीं जो मदरसा बांधला, त्याच्या दर्शनी भागावरील रंगीत फरश्यांचें काम दक्षिणेंत अग्रगण्य मानलें जातें. १६९६ सालीं दारूच्या स्फोटानें इमारतीचा मोठा भाग उडाला, तरी उरलेल्या भिंतीवर निळ्या, हिरव्या, पिंवळ्या व पांढऱ्या फरश्या अजून दिसतात. या गवानाचा अंत कसा झाला? फिरिश्ता लिहितो कीं, त्याच्या शत्रूंनीं त्याची मोहोर सांभाळणाऱ्या सेवकास वश करून एका कोऱ्या कागदावर ती उठवून घेतली, आणि मग वरच्या जागेंत ओरिसाच्या राजाला उद्देशून राजद्रोहाचें पत्र लिहिलें. सुलतानानें कागद पुढें टाकला तेव्हां, मोहोर माझी आहे पण मजकूर माझा नव्हे, अशा अर्थाचें उत्तर त्या वृद्धानें दिलें. तें कोणी मानलें नाहीं व १४८१ सालीं त्याचा शिरच्छेद झाला. या कटांतील एक प्रमुख पुरुष मलिक हसन. आणि ज्यानें १४९० सालीं स्वतंत्र होऊन १४९४ सालीं अहमदनगर वसविलें, तो मलिक अहमद याच हसनाचा पुत्र. हें सांगणारा फिरिश्ताहि विजापुरास जाण्यापूर्वीं नगरच्याच दरबारीं होता.

आमच्या मतें प्रत्येक तुकडा ही कोऱ्या कागदावरची खरी मोहोर आहे. ती खरी असते म्हणूनच धोका. निळा तुकडा खोटा नव्हे, चुना खोटा नव्हे, तासलेली कड खोटी नव्हे; पण त्यांच्या वर जी रिकामी जागा राहते तींत कोणीहि काय वाटेल तें लिहूं शकतो. एकजण लिहील, येथें मोठा महाल होता. दुसरा लिहील, हा आमच्या पूर्वजांच्या वैभवाचा पुरावा. तिसरा लिहील, हा परक्यांनीं केलेल्या विध्वंसाचा पुरावा. वाचणारा मोहोर पाहतो आणि मजकुरावर विश्वास ठेवतो. तुकड्याला बोलतां आलें असतें तर तोहि गवानाप्रमाणेंच म्हणाला असता, आणि त्याचेंहि कोणी ऐकलें नसतें. आमच्या नैयायिकांनीं धूरावरून अग्नि अनुमानण्यास मोकळीक दिली, पण व्याप्तीचें बंधन घालून; जेथें व्याप्ति नाहीं तेथें हेतु नसून हेत्वाभास आहे असें त्यांनीं बजावलें. आजकाल जुन्या वस्तूंना आपापल्या पक्षाच्या बाजूनें साक्षीला उभें करण्याची चढाओढ लागलेली असतांना तें बंधन नुसतें तर्काचें राहत नाहीं, तें नीतीचें होतें. कारण खोट्या साक्षीवरून शेवटीं खापर फुटतें तें कोणा जिवंत मनुष्याच्या माथ्यावर.

मग कल्पनेला कांहीं वावच नाहीं काय? आहे, आणि मोठा आहे. १९४२ ते १९४५ या काळांत अहमदनगरच्या किल्ल्यांत जवाहरलाल नेहरू बंदिवान होते. बागेसाठीं जमीन खणतांना त्यांना जुन्या भिंती व घुमटांचे माथे लागत, आणि एकदां दगडांत कोरलेलें सुंदर कमळहि दिसलें. खोल खणण्याची परवानगी नव्हती व तशी साधनेंहि नव्हतीं. तेव्हां त्यांनीं कुदळ ठेवून लेखणी घेतली आणि भारताच्या भूतकाळावर आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. परंतु तें कमळ अमक्याच्या महालाचें, असा निवाडा त्यांनीं दिला नाहीं. कमळ तें कमळच राहूं दिलें आणि चिंतन आपल्या नांवावर केलें. हाच खरा नियम. फुटकें भांडें सांधणारा चांगला कारागीर गळालेली जागा साध्या, निराळ्या रंगाच्या लेपानें भरतो, नक्षी पुढें चालवीत नाहीं. अशासाठीं कीं पाहणाऱ्याला जुनें कोणतें व भरलेलें कोणतें हें एका दृष्टींत कळावें. कादंबरीकारानें नगरच्या बागांत वाटेल तितकीं कारंजीं उडवावींत. फक्त त्यांचें पाणी नोंदवहीवर सांडूं देऊं नये.

आमच्या वाचकांपैकीं फारच थोडे उत्खननाला जातील. परंतु मुलांना घेऊन किल्ल्यांवर व पडक्या बागांत पुष्कळजण जातात. मुलानें रंगीत ठिकरी उचलून आणली तर तिला फेंकून दे असें न म्हणतां, ती कोठें पडली होती तें त्याला दाखवावयाला लावावें, तेथें तिचें चित्र काढूं द्यावें, मापें लिहूं द्यावीं, ती जेथल्या तेथें ठेवूं द्यावी, आणि पुरातत्त्व खात्याला अथवा जवळच्या संग्रहालयाला कळवावें. एवढ्यानें मुलाला इतिहास येईल असें नाहीं. पण दुसऱ्याची वस्तु आणि आपली वस्तु, पाहिलेलें आणि मानलेलें, यांतील भेद त्याच्या हाताला कळूं लागेल.

आणि त्याच्या वहींतील ‘हें कशाचें असावें’ या रकान्यांत लिहावयाला कांहीं सुचलें नाहीं, तर वडील माणसांनीं तो भरून काढण्याची घाई करूं नये. मोहोर उठलेल्या कागदाचा कोरा भाग कोरा ठेवण्याइतका धीर एके काळीं बिदरच्या दरबारांत चारदोन माणसांजवळ असता, तर एक निरपराध मनुष्य वांचला असता. मुलाच्या वहींतील तो रिकामा रकाना त्याच धीराचा पहिला धडा आहे.