धुराचा भाव

तापीमाई आणि भुसावळची गाडी, दोघीही खानदेश ओलांडून सुरतेला येतात. १९८९ साली त्या गाडीने मला आणि धाकट्या भावाला उधन्याला आणून सोडले. मी शाळेत लागलो, तो डाइंग मिलच्या बॉयलरवर. घरात अहिराणी, वाण्याकडे गुजराती आणि शाळेत मराठी, असा आमचा संसार.

आई गावाहून आली, की गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर काळे कण बसत. ती ते झटकायची, खोकायची आणि म्हणायची, "ह्याच धुरावर आपली चूल पेटते रे. त्याला शिव्या कशा द्यायच्या?" आईच्या या प्रश्नाने माझी पाठ आजवर सोडलेली नाही.

सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेग आला. लाखो माणसे शहर सोडून पळाली. आम्हीही त्याच गाडीत दाराशी लटकलो. तोवर घाण ही बरकतीची किंमत आहे, असेच सारे मानत होते. १९९५ पासून आयुक्त एस. आर. राव यांच्या काळात गल्ल्या स्वच्छ झाल्या, आणि माग काही थांबले नाहीत! म्हणजे ती किंमत नव्हतीच, ती आपली सवय होती.

पण धूर झाडूने निघत नाही. २०१९ साली गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाने इथे एक निराळाच बाजार मांडला. कोळसा जाळणाऱ्या सुमारे तीनशे मोठ्या कारखान्यांपैकी निम्मे त्यात घेतले. धुराड्यांवर मापक यंत्रे बसली, एकूण धूलिकणांची मर्यादा ठरली. ज्याने कमी सोडले, त्याने आपले उरलेले परवाने दुसऱ्याला विकावेत. बाजाराबाहेरच्या कारखान्यांच्या तुलनेत यांचे धूलिकण वीस ते तीस टक्क्यांनी घटल्याचे पुढे अभ्यासकांनी दाखवून दिले.

प्रथम मला याचा संताप आला. पापाची का कधी खरेदी-विक्री होते? मग आई आठवली. धूर पूर्वी फुकट होता तो मालकाला; त्याचे पैसे आई छातीतून मोजत होती. भाव लागला, तेव्हा कुठे तो मालकाच्या वहीत चढला. तेव्हा भाव लावणे हे पाप नव्हे. खोटा हिशेब ठेवणे हे पाप.

मात्र सगळेच वहीत मावत नाही. जानेवारी २०२२ मध्ये सचिनला एका टँकरमधले रसायन नाल्यात सोडले गेले आणि वायूने सहा कामगार गेले. अशा कृत्याला भाव नसतो, तिथे बंदीच हवी. नाहीतर परवान्याची सवय लागलेला माणूस उद्या प्राणांचाही दर विचारील.

प्रगती की पर्यावरण, हा वाद आमच्या गल्लीत कोणी घालीत नाही. तिथे एकाच घरात मजुरीही येते आणि खोकलाही. प्रश्न इतकाच, की हिशेब मांडताना त्या घरातले कोणी शेजारी बसलेले असते का?

भाऊ आता निवृत्त झाला आहे. परवा गच्चीत कपडे काढताना त्याने एक पांढरा सदरा उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "दादा, काळे कमी दिसते." आणि मग तो बराच वेळ खोकत राहिला.