निकाल न सुनावणारा चित्रपट

बोंग जून-हो यांचा 'मेमरीज ऑफ मर्डर' हा दक्षिण कोरियन चित्रपट २००३ मध्ये प्रदर्शित झाला, तेव्हा त्यातल्या हत्यांचा छडा लागलेला नव्हता. ग्योंगी प्रांतातील ह्वासोंग या शेतीप्रधान भागात १९८६ ते १९९१ या काळात १० स्त्रिया आणि मुलींचे खून झाले. मृतांमध्ये शाळकरी मुलगी होती, तशी सत्तरी ओलांडलेली आजीही होती. पोलिसांनी २० हजारांहून अधिक लोकांची चौकशी केली, तरी खुनी हाती लागला नाही.

अशा घटनेवर कथापट रचणाऱ्याला मोठा मोह असतो तो उत्तर देऊन टाकण्याचा. तपासात न मिळालेले उत्तर पटकथेत लिहिणे सोपे असते. पण संशयित म्हणून पोलीस ठाण्यात नेलेली माणसे त्याच गावात राहत असतात. पडद्यावरून त्यांच्यातल्या एखाद्यावर ठपका आला, तर तो पुसण्यासाठी त्याच्याकडे ना वकील असतो, ना अपील. बोंग यांनी हा मोह निग्रहाने टाळला. त्यांच्या चित्रपटात खुनी कोण हे अखेरपर्यंत ठरत नाही.

उत्तर नाकारल्यावर चित्रपटाची सारी नजर वळते ती तपासाकडे. माणसाचे डोळे पाहून गुन्हेगार ओळखता येतो, अशी गावच्या फौजदाराची समजूत आहे. सोंग कांग-हो यांनी ही भूमिका केली आहे. एका गतिमंद तरुणाला मारहाण करून त्याच्याकडून कबुली पढवून घेतली जाते, बुटाचा खोटा ठसा उमटवला जातो. खुनाची शक्यता असलेल्या रात्री कुमक मागितली, तर ती निदर्शने दडपायला गेलेली असते. तो काळ लष्करी राजवटीचा होता. सोलहून आलेला अधिकारी कागदोपत्री पुराव्यावर भिस्त ठेवणारा. मात्र ज्याच्यावर त्याचा संशय पक्का झालेला असतो, त्याच्याविरुद्ध डीएनए अहवालही पुष्टी देत नाही, तेव्हा तोच पिस्तूल रोखतो. न्यायाची तळमळ खरी असूनही माणूस अन्यायाच्या किती जवळ जाऊ शकतो, हे या प्रसंगातून उघड होते.

पुढच्या घटनांनी हे चित्रण किती खरे होते ते दाखवून दिले. खटल्यासाठी असलेली १५ वर्षांची कायदेशीर मुदत २००६ मध्ये संपली. खुनासाठीची ही मुदत दक्षिण कोरियाने २०१५ मध्ये रद्द केली, पण जुन्या प्रकरणांना त्याचा उपयोग नव्हता. २०१९ मध्ये जपून ठेवलेल्या पुराव्यांवरचा डीएनए एका कैद्याशी जुळला. तो १९९४ मधील दुसऱ्या एका खुनासाठी जन्मठेप भोगत होता. त्याने १४ खुनांची कबुली दिली. मूळ तपासातही त्याची चौकशी झाली होती. रक्तगट जुळत नाही म्हणून त्याला सोडून देण्यात आले होते.

या कबुलीतून दुसरा गुन्हा उघडकीस आला, तो व्यवस्थेचा. १९८८ मध्ये झालेल्या आठव्या खुनाबद्दल पोलिओने पाय अधू झालेल्या एका तरुणाला जन्मठेप झाली होती. पोलिसांनी झोपू न देता, मारहाण करून त्याच्याकडून कबुलीजबाब घेतला होता. सुमारे २० वर्षे तुरुंगात काढून तो २००९ मध्ये बाहेर आला आणि डिसेंबर २०२० मध्ये फेरखटल्यात निर्दोष ठरला. चित्रपट गाजत होता, त्या वेळी तो कोठडीत होता. खुनी कोण याची चर्चा देशभर चालू असताना, शिक्षा झालेला माणूस खरोखर दोषी आहे का, हा प्रश्न फारसा कुणाला पडला नाही.

अखेरच्या दृश्यात सोंग कांग-हो थेट कॅमेऱ्यात पाहतात. खुनी कधी तरी हा चित्रपट पाहील आणि ही नजर त्याला भिडेल, असा दिग्दर्शकाचा विचार होता. खऱ्या खुन्याने चित्रपट पाहिला होता. आपल्याला विशेष काही वाटले नाही, असे त्याने फेरखटल्यातील साक्षीत सांगितले. गुन्हेगाराचे मन पालटणे चित्रपटाच्या हाती नसते. कबुली कशी मिळवली जाते, पुरावा कसा हातचा जातो आणि सत्तेला निकड कशाची असते, हे समाजाला दाखवणे मात्र त्याला जमते.

न उलगडलेल्या गुन्ह्यावर चित्रपट करणाऱ्याने हीच मर्यादा पाळायला हवी. मृतांच्या यातनांचे प्रदर्शन करू नये, सिद्ध न झालेला दोष कुणाच्या माथी मारू नये आणि सत्य कुठे निसटले ते निर्भयपणे सांगावे. प्रेक्षकाचेही कर्तव्य आहे: खुन्याच्या नावाबद्दल जेवढे कुतूहल असते, तेवढीच आस्था त्या नावापर्यंत पोहोचण्याच्या मार्गाबद्दल बाळगणे. मार्ग भ्रष्ट असेल तर सापडलेले उत्तर नव्या निरपराध्याचा बळी घेते.